दहापैकी पाच

सोलापुरातल्या आमच्या फोटोग्राफी क्लबची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला भरते. साडेपाच हे कागदावर. प्रोजेक्टरची वायर सापडून, कुणाचा तरी पेनड्राइव्ह उघडून, पडद्यावर पहिलं चित्र उमटेपर्यंत सहा वाजतातच. मग स्पर्धा. चाळीस-पंचेचाळीस फोटो, प्रत्येकाला वीस-पंचवीस सेकंद, परीक्षकाचं एखादं वाक्य आणि दहापैकी गुण. 'हॉरिझन तिरका आहे.' सहा. 'हायलाइट्स जळालेत.' साडेपाच. 'छान, पण डावीकडून क्रॉप करायला हवं होतं.' सात. त्यानंतर चहा, बिस्किटं, पहिल्या तिघांचा एकत्र फोटो (तो कुणीतरी मोबाइलवर काढतं आणि त्यातला हॉरिझन हमखास तिरका असतो) आणि पुढच्या महिन्याच्या विषयाची घोषणा.

पंधराएक वर्षं मी या बैठकांना जातोय. अलीकडे अधूनमधून परीक्षकाच्या खुर्चीतही बसतो. त्या खुर्चीत बसून बसून माझं मत असं झालंय की दर महिन्याची ही गुणांची स्पर्धा बंद करावी. वर्षातून एखादी ठेवा, दिवाळीच्या आसपास, ढाल-करंडकासकट, हौसेनं. पण बारा महिने नको. हे मी क्लबात बोललो तेव्हा भजनी मंडळात टाळ विकायला काढल्यासारखे सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हणून जरा सविस्तर लिहितो. सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करतो.

करोनाच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. विषय होता 'श्रम'. बँकेत नोकरी करणाऱ्या आमच्या एका सभासदानं सोलापूरच्या पूर्व भागातल्या चादरीच्या कारखान्यातला फोटो आणला होता. पत्र्याच्या छतात मधेच एक पारदर्शक पत्रा बसवलेला, त्यातून उजेडाचा पट्टा खाली उतरलेला. माग चालू, त्यामुळे आडवं सूत नेणारा धोटा दिसतच नव्हता. त्याच्या जागी नुसती पुसट रेघ. वर नक्षी ठरवणाऱ्या जेकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ. कामगार मागं वळून कुणाशी तरी बोलत होता, म्हणजे चेहरा अर्धाच. भिंतीवर तेलुगू कॅलेंडर, शेजारी मार्कंडेयाची तसबीर, खिळ्याला जेवणाचा डबा, खिडकीत चहाचा ग्लास आणि या सगळ्यावर सुताची बारीक पांढरी भुकटी.

परीक्षक मी होतो. मी म्हणालो, 'सब्जेक्ट क्लिअर नाही. बॅकग्राउंड फार क्लटर्ड आहे. चेहरा समोरून हवा होता.' आणि पाच दिले.

त्या दिवशी पहिला आलेला फोटो दोन म्हाताऱ्या हातांचा होता. कृष्णधवल, मागं गडद काळोख, सुरकुती न सुरकुती कोरल्यासारखी. त्याला मी नऊ दिले होते. ते हात कुणाचे, ते काय काम करत होते, हे मी तेव्हा विचारलं नाही, इतर कुणीही विचारलं नाही. आजही मला ते माहीत नाही.

पुढं लॉकडाऊनमध्ये तो कारखाना बंद पडला तो पडलाच. माग वजनावर भंगारात गेले. वर्षभरानं पुण्याला नोकरी करणारा एक मुलगा शोधत शोधत त्या बँकवाल्या सभासदाकडे आला. त्या फोटोतल्या कामगाराचा तो मुलगा. वडील वारले होते. कारखान्यात कधीकाळी कुणीतरी बँकेतले काका कॅमेरा घेऊन आले होते, एवढंच त्याला ठाऊक होतं. 'काका, तो फोटो आहे का अजून?'

फोटो होता, पण स्पर्धेला पाठवलेला. आमच्या नियमाप्रमाणे 1920 पिक्सेल रुंद, दोन एमबीच्या आत. पाच गुण मिळालेल्या फोटोची मूळ फाइल कोण सांभाळतो? कार्डावर जागा हवी होती, उडवून टाकली. होता तोच फोटो मोठा करून प्रिंट काढला तर कॅलेंडरवरची अक्षरं विरघळली आणि अर्ध्या चेहऱ्याचे ठोकळे झाले. तो घ्यायला मुलगा आला त्या दिवशी मीही तिथं होतो. वडिलांच्या चेहऱ्यावर तो क्षणभरच थांबला. मग बोटानं एकेक दाखवायला लागला. हा डबा अजून घरी आहे. हे कॅलेंडर मालक दरवर्षी द्यायचे. हा ग्लास समोरच्या हॉटेलातला, परत न्यायला पोरगा यायचा. मी ज्याला क्लटर म्हणालो होतो ते बघायला तो पुण्याहून आला होता.

आता कुणी म्हणेल की हा तुमचा एकट्याचा दोष, नीट परीक्षण करा म्हणजे झालं. मी तसा प्रयत्न करून पाहिला. पण वीस सेकंदांत डोळ्याला जे कळतं तेच कळतं: एकच ठळक विषय, स्वच्छ पार्श्वभूमी, भडक रंग किंवा दाट काळोख. जो फोटो हळूहळू उलगडतो, ज्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात काही ना काही आहे, जो चार फोटोंच्या रांगेतच बोलायला लागतो, त्याला या पद्धतीत जागाच नाही. परीक्षक कितीही शहाणा असला तरी घड्याळ त्याच्या हातात नसतं. आणि सभासद काही दूधखुळे नाहीत. कशाला किती गुण पडतात हे त्यांना चार महिन्यांत कळतं. पाचव्या महिन्यापासून ते गुण पडणारं आणायला लागतात. क्लबात येऊन माणसाची नजर तयार होते असं आपण म्हणतो. होते खरी, पण परीक्षकाच्या नजरेसारखी.

याचा पुरावा दर जानेवारीत बघायला मिळतो. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक, सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. देखणा प्रकार आहे, फोटो काढू नये असं कोण म्हणेल? पण फेब्रुवारीच्या बैठकीत पडद्यावर येतात ते सगळे फोटो एकाच गच्चीवरून, एकाच लेन्सनं, एकाच मिनिटाला काढल्यासारखे. आता हे बघा: ते उंच, अवजड नंदीध्वज पेलायचे म्हणजे आधी कितीतरी दिवस सराव करावा लागतो. रात्री, कामावरून आल्यावर, बनियनवर, ट्यूबलाइटच्या हिरवट उजेडात. कुणाचा तोल जातो, कुणी शिव्या घालतं, म्हातारे कठड्यावर बसून सूचना देतात. इतक्या वर्षांत त्या सरावाचा एकही फोटो आमच्या पडद्यावर आला नाही. कारण सरळ आहे. ट्यूबलाइटला गुण नाहीत.

शहराबाहेर पडलो तरी तेच. भिगवणला रोहित पक्षी, जेजुरीला सोमवतीचा भंडारा, वारीत रिंगणाचा घोडा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही क्लबच्या प्रदर्शनात जा, हे तिघं भेटणारच. जेजुरीच्या पिवळ्या रंगाला तर मी मनातल्या मनात 'आठ गुणांचा पिवळा' म्हणतो. आणि शीर्षकं! आयुष्यभर विड्या वळलेल्या बाईच्या चेहऱ्याखाली 'रिंकल्स ऑफ टाइम'. पाण्याची घागर घेतलेल्या मुलीखाली 'जर्नी ऑफ होप'. त्या बाईला नाव आहे, तिच्या गल्लीला नाव आहे. आमच्या फोटोला मात्र इंग्रजी कवितेची एक ओळ पुरते.

क्लबाच्या वरच्या पायरीवर सलॉन, म्हणजे फोटोंच्या मोठ्या स्पर्धा-प्रदर्शनं, आहेत. फोटोग्राफीचा आंतरराष्ट्रीय महासंघ 1950 चा, भारतीय महासंघ 1953 चा. त्यांच्या मान्यतेनं देशोदेशी स्पर्धा चालतात. तिथं ठरावीक 'अॅक्सेप्टन्स', म्हणजे निवडले गेलेले फोटो, जमले की नावापुढं किताबाची अक्षरं लागतात. त्यासाठी लोक प्रवेशशुल्क भरतात, रात्री जागून फाइली अपलोड करतात. ज्यांना ती अक्षरं मिळाली त्यांचे कष्ट मी कमी लेखत नाही. पण तिथं एकेका फोटोच्या वाट्याला आमच्यापेक्षाही कमी सेकंद येतात. म्हणजे मासिक स्पर्धा हा सलॉनचा क्लास, आणि सलॉन ही आणखी घाईची परीक्षा.

फोटोग्राफीचे क्लब निघाले ते यासाठी नव्हे. लंडनची सोसायटी 1853 ची. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1854 मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे दोघंही तिचे सभासद, आणि नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढणारे. त्याच सोसायटीच्या संस्थापकांपैकी कॅप्टन बिग्ज याला कंपनी सरकारनं 1855 मध्ये विजापूर, बदामी, ऐहोळेकडे जुन्या वास्तूंचे फोटो काढायला धाडलं. आमच्या सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवर असलेल्या गोलघुमटाचे त्या काळचे फोटो आज आहेत ते असे. कागदाच्या निगेटिव्ह, उन्हातान्हात मिनिटामिनिटाचं एक्स्पोजर. हॉरिझन सरळ आहे की नाही हे बघायला तिथं कुणी परीक्षक नव्हता.

जुनं ते सगळं सोनं, असंही नाही. याच मुंबईच्या सोसायटीतला विल्यम जॉन्सन हा फोटोग्राफर. मुंबईतल्या जातीजमातींवरचा त्याचा सचित्र ग्रंथ 1863 पासून दोन खंडांत निघाला. त्यात त्यानं माणसांचे फोटो कापून दुसऱ्याच देखाव्यांवर चिकटवले. माणूस एका जागचा, मागची जागा दुसरीच, आणि खाली नावाऐवजी जात. ही साहेबी नजर होती, तिच्यावर पुष्कळ लिहून झालंय. पण मला त्यात आमचा तो नऊ गुणांचा हाताचा फोटो दिसतो. पार्श्वभूमी नकोशी वाटणं, नाव नकोसं वाटणं हा आजार जुनाच आहे. आम्ही कात्री टाकून सॉफ्टवेअर घेतलं, इतकंच.

क्लबाला दुसरं काय करता येतं याचं उदाहरण इंग्लंडातच आहे. बर्मिंगहॅमच्या फोटोग्राफिक सोसायटीनं 1890 मध्ये आपल्या वॉरिकशर जिल्ह्याची पाहणी हाती घेतली. जेरोम हॅरिसन नावाच्या भूगर्भशास्त्राच्या शिक्षकाची ती कल्पना. हौशी सभासदांनी गावं वाटून घेतली आणि देवळं, घरं, रस्ते, जत्रा यांचे फोटो काढून प्रिंट शहराच्या ग्रंथालयात ठेवले. सव्वाशे वर्षांनंतरही ते तिथं बघायला मिळतात. त्या काळात त्याच सोसायटीत मासिक स्पर्धाही होत असतील, कुणी पहिलाही आला असेल. ग्रंथालयात राहिलं ते मात्र जिल्ह्याचं चित्र.

आता आमच्याकडे. 15 जून 2023 ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, विमानाच्या वाटेत येते म्हणून. ती कोसळताना आमच्या क्लबातल्या निदान वीस जणांनी टिपली. धुराचा लोट, सुरेख शटर स्पीड. त्या चिमणीखाली पाळीवर जाणाऱ्या माणसाचा फोटो त्या विसांतल्या एकाकडेही नव्हता. कुंभारीजवळ रे नगरला विडी आणि यंत्रमाग कामगारांसाठी तीस हजार घरांची वसाहत उभी राहिली; जानेवारी 2024 मध्ये पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. एवढी कुटुंबं जुन्या खोल्या सोडून नव्या घरांत गेली. डोक्यावर गाठोडं, टेम्पोत कपाट, नव्या ओट्यावर पहिला चहा. शहराच्या इतिहासात असं दृश्य पुन्हा कधी यायचं? आणि त्या महिन्याचा आमचा विषय होता 'मिनिमलिझम'.

नान्नजला माळढोक अभयारण्य 1979 चं. तो पक्षी आता तिथं दिसणं मुश्कील झालंय. जुन्या सभासदांकडे त्याच्या ट्रान्स्परन्सी, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या फिल्मच्या स्लाइड, आहेत. लांबून काढलेल्या, बारीकशा. आजच्या हिशेबानं चार गुणांच्या. त्याच आता मोलाच्या ठरतायत, कारण त्यांच्या पुठ्ठ्यावर पेनानं तारीख आणि माळाचं नाव लिहिलेलं आहे.

आक्षेप पुष्कळ आले. त्यांतला सर्वांत वजनदार आमच्या चिटणिसांचा, आणि तो खोटा नाही. 'स्पर्धा काढली तर बैठकीला नऊ माणसं येतील. त्यातला एक तुम्ही, एक मी, एक चहावाला.' खरंय. नवा माणूस येतो तो आपला फोटो मोठ्या पडद्यावर बघायला आणि कुणीतरी त्यावर बोलावं म्हणून. मी स्वतः तसाच आलो. माझ्या पहिल्या फोटोला चार पडले होते. त्या चारानं झोंबून मी एक्स्पोजर शिकलो, हे नाकारणं कृतघ्नपणा होईल. पण मला वाटतं, माणूस येतो तो त्या 'कुणीतरी बोलावं' साठी. आकड्याची सवय आपण त्याला लावतो. एका फोटोवर पाच मिनिटं बोला, आधी काढणाऱ्याला बोलू द्या, मग बघा तो पुढच्या वेळी येतो की नाही. पंचेचाळीस फोटो होणार नाहीत, बारा होतील. होऊ देत.

दुसरा आक्षेप एका डॉक्टर सभासदांचा. 'मी आठवडाभर पेशंट बघतो. रविवारी मला रोहित बघायचेत, विडी कामगार नव्हेत. छंदाला तुम्ही समाजकार्याचं जोखड का लावता?' यावर मी बराच वेळ गप्प होतो. सक्ती कुणावर करायची नाहीच. रोहित बघा, खुशाल बघा, फक्त फोटोसोबत तारीख आणि तळ्याचं नाव असू द्या. तेवढ्यावर तुमचा छंद उद्या पक्षीअभ्यासकाच्या कामी येईल. पण आणखी एक आहे. आपला वार्षिक प्रदर्शनाचा हॉल सवलतीच्या भाड्यानं मिळतो. उद्घाटनाला आपण आयुक्तांना बोलावतो आणि 'शहराच्या सांस्कृतिक जडणघडणीत' वगैरे भाषण करतो. जडणघडण म्हणायची तर शहर कुठंतरी दिसायला हवं ना? नाहीतर पूर्ण भाडं भरावं आणि रोहित लावावेत, माझी काही हरकत नाही.

गरिबांच्या दारात कॅमेरा नेण्याबद्दल एका तरुण मुलीनं हटकलं, तिचं मला पटलं. न विचारता काढलेला, विकण्याजोगा दीनवाणा फोटो आम्ही फार काढलाय. म्हणूनच नाव विचारणं, परवानगी घेणं, प्रिंट नेऊन देणं हे गुणांपेक्षा मोठं मानायला हवं. मुंबईच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या सुधारक ओलवे यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या मालिकेतला एखादाच फोटो उचलून आमच्या पडद्यावर वीस सेकंद टाकला असता तर? मी काय म्हणालो असतो ते मला नेमकं ठाऊक आहे: 'बॅकग्राउंड क्लटर्ड.'

व्याख्यानांबद्दल थोडक्यात. पाहुणे येतात, मसाई माराचे सिंह दाखवतात, खाली लेन्स आणि एफ-नंबर. प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न 'सर, कुठली लेन्स?' आणि दुसरा 'सर, टूर कितीला पडली?' कधी कॅमेरा कंपनीचा माणूस येतो. तो निदान सरळ विकायलाच आलेला असतो. माझ्या आठवणीतलं सर्वांत चांगलं व्याख्यान एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या मालकांचं, वय पंच्याऐंशीच्या पुढं. त्यांनी एकही स्लाइड दाखवली नाही. पेन्सिलनं निगेटिव्हवर रिटचिंग कसं करायचे ते हवेत बोट फिरवून दाखवलं. मुलगी दाखवायच्या फोटोत रंग किती उजळायचा यावर आई आणि आत्या काउंटरवर कशा भांडायच्या ते सांगितलं. शेवटी म्हणाले, स्टुडिओ विकला तेव्हा चाळीस वर्षांच्या निगेटिव्ह तीन पोती भरल्या. चांदी काढणाऱ्याला किलोच्या भावानं दिल्या. कुणी मागितल्या असत्या तर फुकट दिल्या असत्या. तेव्हाही शहरात क्लब होता. त्या महिन्यात आमचा विषय काय होता, ते मी जुन्या वहीत शोधलं नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेनं तर आमची पंचाईतच करून ठेवलीय. 2023 मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलाकारानं सोनीच्या जागतिक स्पर्धेत एआयनं बनवलेलं चित्र पाठवलं, ते गटात पहिलं आलं आणि त्यानंच बक्षीस नाकारलं. स्वच्छ पार्श्वभूमी, कोरलेल्या सुरकुत्या, गडद काळोख हे आता यंत्र मिनिटात करून देतं. आमचा सगळा अभ्यासक्रम त्याला तोंडपाठ आहे. त्याला न येणारं एकच: अमुक तारखेला, अमुक गल्लीत, अमुक माणसासमोर उभं असणं.

बरीच वादावादी होऊन शेवटी ठरलं ते इतकंच: तीन महिने गुण नाहीत. ठराव दोन मतांनी पास झाला, डॉक्टर विरोधात. विषय, 'घरापासून दोन किलोमीटरच्या आत'. फोटोखाली जागा, तारीख, माणसाचं नाव आणि चार ओळी. मराठीत, नाहीतर त्या माणसाच्या बोलीत, तेलुगू, कन्नड, दख्खनी, काहीही. निवडक फोटोंचे प्रिंट वाचनालयात ठेवायचे. ग्रंथपालांनी एक कपाट देऊ केलंय, कुलूप आमचं आम्ही आणायचं.

बैठक संपल्यावर चपला घालता घालता बँकवाल्या सभासदानं विचारलं, 'फाइल नेहमीसारखी छोटी करून पाठवू की मूळची?'

मूळचीच, म्हटलं.